फ्लिंडर्सच्या डोंगररांगांचा पॅनोरामा : जागा निवडण्यापासून जोडकामापर्यंत

दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स रेंजेसमधून परतलेल्या मंडळींची पॅनोरामा छायाचित्रे, म्हणजे शेजारशेजारच्या अनेक चौकटी जोडून केलेली रुंद चित्रे, पाहिली की त्यांत तेच ते दोष पुन्हा पुन्हा आढळतात. क्षितिज धनुष्यासारखे वाकलेले असते, निळ्या आकाशात उभे फिकट-गडद पट्टे उमटलेले असतात, एका टोकाचा खडक केशरी तर दुसऱ्या टोकाचा करडा दिसतो आणि पुढची झुडपे जोडाच्या जागी दुहेरी झालेली असतात. यांतला जवळजवळ प्रत्येक दोष पहिले बटण दाबण्यापूर्वीच चित्रात शिरलेला असतो. संगणकावर तो झाकता येतो, पण तो मुळातून काढता येत नाही. म्हणून या लेखात जोडकामाच्या सॉफ्टवेअरपेक्षा तयारीला आणि कामाच्या क्रमाला अधिक जागा दिली आहे. उदाहरणे इकारा-फ्लिंडर्स रेंजेस राष्ट्रीय उद्यानातील घेतली आहेत. परंतु हीच पद्धत कूबर पीडीजवळच्या कान्कू-ब्रेकअवेजमध्ये किंवा ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेकडील मॅकडॉनेल रांगांतही तशीच लागू पडते.

टप्पा १ : जागा, ऋतू आणि सूर्याची बाजू ठरवणे

अॅडलेडच्या उत्तरेस सुमारे ४३० किलोमीटरवर विल्पेना पाउंड, म्हणजेच इकारा, हा कड्यांनी वेढलेला विशाल खोलगट प्रदेश आहे. त्याच्या भोवतालचे कडे रॉन्सली क्वार्ट्झाइट या कठीण खडकाचे आहेत. पॅनोरामासाठी तीन जागा विशेष सोयीच्या आहेत. स्टोक्स हिल लुकआउटवरून चारही बाजू मोकळ्या दिसतात. हक्स लुकआउटवरून पाउंडची कडा एका नजरेत येते. बनियेरू दरीच्या रस्त्यावरील रेझरबॅक लुकआउटवरून दक्षिणेकडे पाहिले असता वळणे घेत उतरणारा मातीचा रस्ता आणि त्यामागे एकापुढे एक उभ्या राहिलेल्या डोंगररांगा दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने रेझरबॅक निवडावे, असे माझे मत आहे. कारण तेथे रस्ता नजरेला आत नेतो आणि रुंद चित्राला लागणारा आधारबिंदू आपोआप मिळतो.

भारतातून आलेल्या किंवा तेथील सवय घट्ट असलेल्या छायाचित्रकाराची पहिली गल्लत सूर्याच्या दिशेबाबत होते. महाराष्ट्रात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कललेला जातो, तर फ्लिंडर्समध्ये तो उत्तरेकडून जातो. जून महिन्यात तेथे सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला, सुमारे २८ अंश सरकून, उगवतो, दुपारी क्षितिजापासून जेमतेम ३५ अंश वर येतो आणि वायव्येकडे मावळतो. त्यामुळे रेझरबॅकवरून दक्षिणेकडे कॅमेरा धरल्यास सकाळी प्रकाश डाव्या खांद्यामागून आणि सायंकाळी उजव्या खांद्यामागून येतो, डोंगरांच्या उत्तरेकडील बाजू उजळतात आणि सूर्य चौकटीत येत नाही. डिसेंबरमध्ये मात्र सूर्य आग्नेयेला उगवून नैर्ऋत्येला मावळतो. म्हणजे त्याच जागेवरून सायंकाळी तो थेट चित्राच्या उजव्या टोकात येऊन बसतो. उन्हाळ्यातले ४० अंशांच्या पुढचे तापमान आणि माश्यांचा उपद्रव हे वेगळेच. मे ते सप्टेंबर हा काळ म्हणून सर्व दृष्टींनी योग्य ठरतो.

दुपारी चित्रण टाळावे. प्रकाश सपाट असतो हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरच्या कड्यांची रेषा प्रत्येक चौकटीत थोडी निराळी उमटते. लांब पल्ल्याची लेन्स असेल तर हा दोष अधिकच ठळक होतो आणि तो कोणत्याही उपायाने सुधारत नाही.

*तपासणी :* जाण्याआधी नकाशावर आपली जागा, चित्राचे डावे टोक आणि उजवे टोक यांना जोडणाऱ्या दोन रेषा काढाव्यात आणि ठरलेल्या तारखेचा सूर्य त्या दोन रेषांच्या मधे येत नाही, हे सूर्याची दिशा दाखवणाऱ्या एखाद्या अॅपवर पाहून घ्यावे.

टप्पा २ : परवानगी, रस्ता आणि पाणी

राष्ट्रीय उद्यानात शिरण्यासाठी वाहनाचा प्रवेशपास लागतो. तो निघण्यापूर्वीच ऑनलाइन काढावा. ड्रोन उडवण्यास विशेष परवान्याशिवाय मनाई आहे. व्यावसायिक चित्रणासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. ही भूमी अद्न्यमथना लोकांची आहे आणि सेंट मेरी शिखराच्या माथ्यावर चढू नये, अशी त्यांची विनंती आहे. ती पाळावी. मध्य ऑस्ट्रेलियातील उलुरू या खडकाकडे जाणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. तेथील काही पवित्र स्थळांचे छायाचित्र घेऊ नये असे फलक लावलेले आहेत आणि रुंद चित्र घेताना असे स्थळ नकळत चौकटीत येण्याचा संभव असतो. म्हणून चित्राची दोन्ही टोके ठरवतानाच ते फलक वाचावेत.

विल्पेनापर्यंतचा रस्ता डांबरी आहे, परंतु बनियेरूचा रस्ता कच्चा आहे आणि पावसानंतर तो बंद होऊ शकतो. त्या दिवशीची रस्त्यांची स्थिती सकाळीच पाहावी. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यावर जाण्यास बंदी असण्याची शक्यता मोठी असते. अशा रस्त्यावर काही झाले तर विमा मिळत नाही. वाटेवरच्या हॉकर गावात टाकी भरून घ्यावी. माणशी दररोज किमान ५ लिटर पिण्याचे पाणी आणि त्याखेरीज एका दिवसाचा राखीव साठा गाडीत असावा. विल्पेनाची वस्ती मागे पडली की दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज मिळेल अशी खात्री धरता येत नाही, म्हणून नोंदणी केलेला आपत्कालीन बीकन (मदतीचा संकेत पाठवणारे यंत्र) जवळ ठेवावा आणि परतण्याची वेळ कोणाला तरी सांगून जावे.

*इशारा :* चांगला प्रकाश नेमका पहाटे आणि सायंकाळी असतो आणि कांगारू व एमू रस्त्यावर येण्याची वेळही तीच असते. पहाटेच्या चित्रणासाठी जागेजवळच मुक्काम करावा. सायंकाळचे चित्रण संपल्यावर अंधारात गाडी चालवावी लागणारच असेल तर वेग खूप कमी ठेवावा. गाडी बंद पडल्यास ती सोडून चालत निघू नये.

टप्पा ३ : साहित्य

साहित्याची यादी लहान आहे. भक्कम ट्रायपॉड, त्यावर बसणारा समतल करता येणारा बेस किंवा वरच्या बाजूने फिरणारे हेड, कॅमेरा उभा बसवण्यासाठी एल-आकाराचे ब्रॅकेट, कॅमेरा पुढेमागे सरकवण्यासाठी आखणी असलेली सरकपट्टी, रिमोट, धूळ उडवण्याचा रबरी ब्लोअर आणि दोन जादा बॅटऱ्या. हिवाळ्यातील पहाट शून्य अंशाच्या जवळपास असते आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी अंगातल्या आतल्या खिशात ठेवावी.

लेन्सबाबत बहुतेकांचा कल अतिशय रुंद कोनाकडे असतो. तो चुकीचा आहे. १६ किंवा २० मिलिमीटरच्या लेन्सने कमी चौकटींत काम उरकते, पण दूरचे कडे ठेंगणे होतात आणि चौकटीच्या कडांवरचा ताण जोडकामात उतरतो. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ३५ ते ७० मिलिमीटर, आणि त्यातही ५० मिलिमीटर, ही लेन्स या प्रदेशाला सर्वांत जुळते. त्याहून लहान असा एपीएस-सी सेन्सर असेल तर साधारण ३५ मिलिमीटर घ्यावी.

पोलरायझिंग फिल्टर काढून ठेवावा. सूर्यापासून ९० अंशांवरील आकाशावर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो आणि दोन्ही बाजूंना तो कमी होत जातो. त्यामुळे रुंद चित्रात आकाशाच्या एका भागावर गडद निळा डाग पडल्यासारखा दिसतो. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या आकाशातील गडबडीचे हे एक प्रमुख कारण आहे.

फ्लिंडर्सची तांबडी धूळ अतिशय बारीक असते. उघड्यावर लेन्स बदलू नये. ज्या लेन्सने चित्रण करायचे ती मुक्कामीच बसवून न्यावी. सेन्सरवर पडलेला एक कण सात चौकटींच्या पॅनोरामात आकाशात सात ठिकाणी उमटतो.

टप्पा ४ : घरी करायचे काम, फिरण्याचा बिंदू शोधणे

झुडपे दुहेरी होण्यामागे पॅरलॅक्स असतो. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरतो, तर लेन्सचा दृष्टिबिंदू त्या स्क्रूच्या काही सेंटिमीटर पुढे असतो. म्हणून प्रत्येक चौकट किंचित वेगळ्या ठिकाणाहून घेतली जाते आणि जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंच्या तुलनेत सरकतात. फिरण्याचा अक्ष लेन्सच्या प्रवेशछिद्रातून, म्हणजे याच दृष्टिबिंदूतून, गेला की हे सरकणे थांबते. तो बिंदू रानात पहाटेच्या अंधारात शोधत बसू नये. घराच्या अंगणात किंवा गच्चीवर तासाभरात हे काम होते.

कॅमेऱ्यापासून सुमारे एक मीटरवर एक सरळ काठी उभी करावी आणि तिच्या ओळीत दूरचा विजेचा खांब किंवा इमारतीची उभी कड येईल असे पाहावे. मागच्या पडद्यावर चित्र मोठे करून काठी आणि खांब एकमेकांना चिकटून दिसतील असे जुळवावे. आता कॅमेरा उजवीकडे फिरवावा. खांबाच्या तुलनेत काठी डावीकडे सरकली तर कॅमेरा अक्षाच्या फार पुढे आहे, त्याला मागे घ्यावे. काठी उजवीकडे सरकली तर कॅमेरा फार मागे आहे, त्याला पुढे ढकलावे. चौकटीच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत फिरवूनही दोघांचे अंतर बदलेनासे झाले की सरकपट्टीवरील आकडा वहीत लिहून घ्यावा. झूम लेन्स असेल तर वापरायच्या प्रत्येक फोकल लेंग्थसाठी हा आकडा वेगळा येतो, त्यामुळे ३५, ५० आणि ७० या तीन ठिकाणांचे आकडे नोंदवून पट्टीवरच चिकटपट्टीने खुणा कराव्यात.

ही खटपट प्रत्येक चित्राला लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. स्टोक्स हिलवरून केवळ दूरचे डोंगर घेत असाल आणि चौकटीतील सर्वांत जवळची वस्तू वीस मीटरच्या पलीकडे असेल, तर पट्टीशिवायही जोडकाम निर्दोष होते. पण पायाशी असलेले सॉल्टबुशचे झुडूप, पडलेला खडक किंवा जवळचे पाइनचे झाड चित्रात हवे असेल तर पट्टीला पर्याय नाही.

टप्पा ५ : चित्र किती रुंद हवे ते ठरवणे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि समोर जेवढे दिसते तेवढे सगळे घेतात. १८० अंशांचे एका ओळीतील चित्र पाहायला अरुंद पट्टीसारखे होते. त्यात डोंगर हा रुंद फीतीवरचा एक उंचवटा उरतो आणि भव्यता नाहीशी होते. शिवाय समोर आडवी पसरलेली कडा अशा चित्रात मध्यभागी फुगलेली आणि दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली दिसते, कारण मध्य आपल्या जवळ असतो आणि टोके दूर असतात. माझ्या मते ९० ते १२० अंश ही मर्यादा पाळावी. त्यात तीनास एक हे प्रमाण मिळते आणि ते भिंतीवरही शोभते.

गणित सोपे आहे. उभ्या धरलेल्या फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स आडव्या दिशेने सुमारे ३८ अंश आणि ५० मिलिमीटरची सुमारे २७ अंश पाहते. दोन चौकटी एकमेकींवर ३० टक्के चढवायच्या असल्याने ५० मिलिमीटरला प्रत्येक वेळी सुमारे १९ अंश फिरवावे लागते. ११० अंशांसाठी सहा चौकटी पुरतात. त्याला प्रत्येक टोकाला एक जादा चौकट जोडावी, म्हणजे आठ होतात. या जादा चौकटी उधळपट्टी नव्हेत. जोडकामानंतर टोके नेहमी वेडीवाकडी येतात आणि तेथे कातरायला माल नसेल तर चित्राचा मुख्य भाग कातरावा लागतो.

*तपासणी :* हात लांब करून डावे टोक आणि उजवे टोक यांकडे बोट दाखवावे. दोन्ही टोकांना नजर थांबवणारे काही आहे का? रेझरबॅकवर एका बाजूला जवळचा उतार आणि दुसऱ्या बाजूला उंच कड्याचा शेवट मिळतो. टोकाला नुसता मोकळा उतार किंवा अर्धवट तुटलेले झाड येत असेल तर दहा अंश इकडे-तिकडे करावे.

टप्पा ६ : ट्रायपॉड समतल करणे

वाकलेल्या क्षितिजाचे मूळ येथे आहे. कॅमेऱ्यातील इलेक्ट्रॉनिक लेव्हल हिरवी झाली म्हणजे सारे सरळ आहे असे समजून बॉल-हेड घट्ट केले जाते. त्या एका दिशेला कॅमेरा खरोखरच सरळ असतो. मात्र ज्या तळावर तो फिरणार आहे तो तिरका असल्यामुळे ४० अंश फिरवताच क्षितिज कलू लागते आणि शेवटच्या चौकटीपर्यंत ते उताराला लागलेले असते. सरळ करायचा असतो तो फिरण्याचा तळ. कॅमेरा त्यानंतर.

काम या क्रमाने करावे. ट्रायपॉडचे पाय खडकाळ जमिनीत दाबून बसवावेत. सैल गोटे पायांखालून काढून टाकावेत. मधला दांडा वर काढू नये. पायांची लांबी कमी-जास्त करून तळ ढोबळमानाने सरळ करावा. मग समतल करण्याच्या बेसवरील बुडबुडा मधोमध आणावा. त्यानंतर कॅमेरा उभा बसवून त्याची इलेक्ट्रॉनिक लेव्हल चित्राच्या डाव्या टोकाला, मध्यावर आणि उजव्या टोकाला अशी तीन ठिकाणी पाहावी. तिन्ही ठिकाणी अर्ध्या अंशाहून अधिक फरक नसावा.

आकाश जास्त हवे म्हणून कॅमेरा वर झुकवण्याचा मोह होतो. एका ओळीच्या पॅनोरामात झुकवलेला कॅमेरा क्षितिजाला कमान देतो. सॉफ्टवेअर ती कमान सरळ करू शकते, पण मोबदल्यात वरचा-खालचा बराच भाग कातरला जातो आणि जे मिळवायला झुकवले तेच हातचे जाते. कॅमेरा सरळ ठेवून लेन्स थोडी रुंद घ्यावी, किंवा एक ओळ सरळ आणि एक ओळ वर अशा दोन ओळी घ्याव्यात.

*इशारा :* कड्याच्या काठावर ट्रायपॉड फिरवताना आपणही त्याच्याभोवती फिरतो आणि नजर पडद्यावर असते. उभे राहण्याची जागा आधी पायांनी चाचपून घ्यावी आणि पिशवी पायात येणार नाही अशी ठेवावी.

टप्पा ७ : सर्व सेटिंग पक्की करणे

चौकटींमध्ये रंग किंवा उजेड बदलतो तो कॅमेऱ्याने स्वतः घेतलेल्या निर्णयांमुळे. म्हणून कॅमेऱ्याकडे एकही निर्णय ठेवायचा नाही.

एक्सपोजर मॅन्युअलवर ठेवावे. आधी कॅमेरा पूर्ण रुंदीभर फिरवून सर्वांत उजळ भाग शोधावा. सायंकाळी तो बहुधा पश्चिमेकडील आकाशात असतो. त्या भागाचा हिस्टोग्राम (उजेडाची विभागणी दाखवणारा आलेख) उजव्या भिंतीला टेकणार नाही असे एक्सपोजर धरावे आणि मग सावलीतील भाग तपासावा. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १०० ठेवावा. येथे एक चूक फार वेळा घडते. मॅन्युअल मोड निवडलेला असतो, पण ऑटो आयएसओ चालूच राहतो, आणि कॅमेरा गुपचूप प्रत्येक चौकटीचा उजेड बदलत राहतो. तो बंद केल्याची खात्री करावी.

अॅपर्चर एफ/८ ते एफ/११ पुरेसे आहे. त्याहून लहान छिद्राने विवर्तनामुळे (छिद्राच्या कडेशी प्रकाश पसरल्यामुळे) बारकावे मऊ होऊ लागतात. फोकस ऑटोवर घेऊन नंतर मॅन्युअलवर टाकावा. ५० मिलिमीटरला एफ/११ असताना सुमारे साडेसात मीटरवर फोकस धरला तर पावणेचार मीटरपासून अनंतापर्यंत चित्र स्पष्ट येते. ३५ मिलिमीटरला हेच फोकसचे अंतर पावणेचार मीटरच्या आसपास येते. दूरचे कडे हाच विषय असेल तर फोकस याहून थोडा पलीकडे न्यावा.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ५२०० ते ५५०० केल्विनच्या दरम्यान एका आकड्यावर स्थिर करावा. फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, असावी. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करावे. लांब एक्सपोजरचा नॉइज रिडक्शन बंद असावा, अन्यथा झुंजुमुंजूच्या वेळी प्रत्येक चौकटीनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो आणि तोवर प्रकाश पालटतो.

टप्पा ८ : रिकामी फेरी आणि मग चित्रण

बटण न दाबता एकदा पूर्ण फेरी करावी. हेडवरील अंशांच्या आकड्यांप्रमाणे थांबे घ्यावेत आणि प्रत्येक थांब्यावर मागच्या चौकटीतील कोणती खूण या चौकटीत राहते ते पाहावे. आकडे नसतील तर पडद्यावर तिसऱ्या हिश्श्याच्या रेषा चालू कराव्यात. उजव्या रेषेवरचे झाड पुढच्या चौकटीत डाव्या कडेच्या जवळ यावे. याच फेरीत केबल अडकते का, पट्टी सैल आहे का, ट्रायपॉडचा पाय चौकटीत येतो का, हे कळून येते.

आता चित्रण. सुरुवातीला लेन्ससमोर हात धरून एक चौकट घ्यावी आणि शेवटी पुन्हा तशीच घ्यावी. घरी आल्यावर एकासारख्या एक दिसणाऱ्या शेकडो फाइलींमधून मालिका वेगळ्या करताना या दोन हातांचे मोल कळते. फिरवून झाल्यावर हेड आवळावे, थरथर थांबेपर्यंत थोडे थांबावे, रिमोट दाबावा, पुढे जावे. आठ चौकटी वीस-पंचवीस सेकंदांत व्हाव्यात. घाई नको, परंतु मध्येच पडद्यावर चित्र पाहत बसणेही नको. एखाद्या चौकटीबद्दल शंका आली तर फेरी पूर्ण करून सगळी मालिका नव्याने घ्यावी. एकच चौकट मागाहून घेऊन मध्ये बसवण्याचा प्रयत्न सहसा फसतो.

सूर्यास्ताच्या वेळी प्रकाश ज्या टोकाला सर्वांत वेगाने विझत आहे तेथून आरंभ करावा. शेवटची लाली कड्याच्या माथ्यावर मिनिट-दोन मिनिटेच टिकते आणि खालून सावली वर चढत असते. ती ज्या कड्यावर आहे तो कडा मालिकेत आधी यायला हवा. त्या काळात दर दोन मिनिटांनी नवी मालिका घ्यावी आणि प्रत्येक नव्या मालिकेपूर्वीच एक्सपोजर बदलावे, मालिका चालू असताना कधीही नाही.

टप्पा ९ : वारा, ढग, धूळ आणि मोठा उजेडफरक

रेझरबॅकखालच्या रस्त्यावरून एखादी गाडी गेली की तिच्यामागची धूळ तिरप्या उन्हात उजळते आणि बराच वेळ हवेत तरंगते. एकट्या चौकटीत ती सुंदर दिसते. पॅनोरामात मात्र ती दोन चौकटींमध्ये दोन ठिकाणी असते आणि रस्त्यावर अर्धवट कापलेला धुराळा उरतो. तो खाली बसेपर्यंत थांबावे. धूळ हवीच असेल तर ती एका चौकटीच्या मधोमध असताना ती चौकट घ्यावी आणि शेजारच्या चौकटी ती विरल्यावर, पण त्याच उजेडात, पुन्हा घ्याव्यात. एकच चौकट मागाहून घेऊ नये या नियमाला हा एवढाच अपवाद, आणि तोही हेडवर अंशांचे आकडे असतील तरच साधतो.

ढग वेगाने जात असतील तर चौकटी ४० टक्क्यांपर्यंत एकमेकींवर चढवाव्यात आणि फेरीचा वेग वाढवावा. वाऱ्यात पिशवी ट्रायपॉडला लोंबकळत ठेवू नये. झुलणारी पिशवी ट्रायपॉडलाही हलवते. ती जमिनीला टेकलेली आणि पट्ट्याने ताणलेली असावी.

सावलीतील दरी आणि उजळ आकाश एका एक्सपोजरमध्ये बसत नसतील तर प्रत्येक थांब्यावर तीन एक्सपोजर घ्यावीत, एक योग्य, एक दोन स्टॉप कमी आणि एक दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). सर्व थांब्यांवर संख्या आणि फरक तेच असले पाहिजेत, नाहीतर लाइटरूम या सॉफ्टवेअरमधील एचडीआर पॅनोरामाची (वेगवेगळी एक्सपोजर एकत्र करून जोडण्याची) सोय ती मालिका स्वीकारत नाही. हिवाळ्यातील स्वच्छ सकाळी, सूर्य पाठीमागे असताना, याची गरज क्वचितच पडते.

*जागा सोडण्याआधी तपासणी :* प्रत्येक मालिकेची पहिली, मधली आणि शेवटची चौकट पूर्ण मोठी करून दूरची कडा व जवळचे झुडूप दोन्ही स्पष्ट आहेत का ते पाहावे. सर्व चौकटींचे शटर, अॅपर्चर आणि आयएसओचे आकडे सारखे आहेत ना, तेही पाहावे. एवढ्या दूर पुन्हा येणे सहज होत नाही.

टप्पा १० : जोडकाम

आधी मधल्या चौकटीवर लेन्स प्रोफाइल लावून कडांची काळोखी काढावी, व्हाइट बॅलन्स ठरवावा, धुळीचे डाग पुसावेत आणि हीच दुरुस्ती सर्व चौकटींना एकदम लागू करावी. कडांची काळोखी न काढता जोडकाम केले तर निळ्या आकाशात समान अंतरावर उभे पट्टे येतात. कॉन्ट्रास्ट, स्पष्टता आणि रंगांची तीव्रता यांना या वेळी हात लावू नये.

मग प्रक्षेपण, म्हणजे भोवतालचे दृश्य सपाट पसरण्याची पद्धत, निवडावे. सिलिंड्रिकल प्रक्षेपण म्हणजे डब्याभोवतीचे लेबल सोडवून सपाट पसरण्यासारखे आहे. उभ्या रेषा सरळ राहतात, आडव्या जवळच्या रेषा मात्र वाकतात. एका ओळीच्या डोंगरचित्रासाठी हेच बहुतेक वेळा योग्य असते. दोन ओळींसाठी स्फेरिकल घ्यावे. पर्स्पेक्टिव्ह प्रक्षेपण सरळ रेषा सरळ ठेवते, पण १०० अंशांच्या पुढे टोके विचित्र ताणली जातात. लाइटरूममध्ये बाउंड्री वॉर्पचा सरकता दांडा पूर्ण शंभरवर नेण्याची सवय अनेकांना आहे. त्याने रिकामे कोपरे भरतात, पण त्यासाठी डोंगरांच्या रेषाच खेचल्या जातात. टोकाच्या जादा चौकटी घेतल्या असतील तर तो शून्यावर ठेवून कातरणेच बरे.

जोड बसत नसेल तर पीटीगुई किंवा विनामूल्य मिळणारे हगिन हे जोडकामाचे सॉफ्टवेअर वापरावे. त्यांत जुळणीचे बिंदू स्वतः तपासता येतात. ढगांवर आणि हलणाऱ्या फांद्यांवर पडलेले बिंदू काढून टाकावेत आणि खडकांच्या भेगांवर नवे द्यावेत.

क्षितिज सरळ करताना फ्लिंडर्समध्ये एक विशेष चूक होते. तेथे खरे क्षितिज डोंगरांआड असते आणि रांगा मुळातच तिरक्या स्तरांच्या आहेत. त्या तिरक्या माथ्यालाच क्षितिज मानून चित्र फिरवले तर झाडे कलंडतात. स्थानिक पाइनचे सरळ खोड आधाराला घ्यावे. नदीकाठचे रेड गम वृक्ष घेऊ नयेत, कारण ते स्वभावतःच वाकडे वाढतात.

टप्पा ११ : रंग, कातरणे आणि छपाई

सायंकाळच्या क्वार्ट्झाइटचा रंग मुळातच तीव्र असतो. तीव्रता वाढवली की सर्वांत आधी लाल चॅनेल भरून जातो आणि कड्यावरील भेगा व थर एका रंगाच्या गोळ्यात बुडतात. एकत्रित हिस्टोग्राममध्ये हे कळत नाही. लाल चॅनेल वेगळा पाहावा. तो उजव्या भिंतीला टेकत असेल तर तीव्रता कमी करावी, आणि कड्याचा उठाव सावल्यांमधून साधावा.

कातरताना आधी टोके ठरवावीत, मग वरची-खालची कड. जमिनीचा भाग राखण्यासाठी माथ्यावरचे रिकामे आकाश सोडायला संकोच करू नये.

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने ५० मिलिमीटर लेन्सवर घेतलेल्या सहा उभ्या चौकटींचे चित्र, ३० टक्के चढाव धरता, सुमारे १८,००० पिक्सेल रुंद होते. कातरून उंची ५,४०० च्या आसपास उरते. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर त्याची ६० इंच रुंद आणि १८ इंच उंच प्रत निघते. २४ इंची रोलवर ती आरामात बसते. पूर्ण प्रत छापण्यापूर्वी चित्रातील दोन ठिकाणांच्या, एक जोडाजवळच्या आकाशाची आणि एक सावलीतील दरीची, अशा अरुंद पट्ट्या खऱ्या आकारात त्याच कागदावर छापून घ्याव्यात आणि त्या दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. पडद्यावर न दिसलेला आकाशातील पट्टा कागदावर दिसतो. तो दिसलाच तर छपाईच्या रंगांत फेरफार करू नये. दहाव्या टप्प्याच्या पहिल्या पायरीवर परत जाऊन कडांची काळोखी पुन्हा तपासावी.